नीटमध्ये नंबर लागला नाही? आरोग्य क्षेत्रात ‘एमपीएच’चाही रस्ता आहे

लातूर/नांदेड : नीटचा निकाल लागला की कित्येक मुलं पुन्हा रिपीटला बसतात. घरच्यांचा पैसा जातो, वर्ष जातं. आरोग्याचं काम करायचं तर डॉक्टरच व्हावं लागतं, असं आपण धरून चालतो. पण पदवीनंतर आणखी एक वाट आहे. तिचं नाव एमपीएच, म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ.

शिकवतात काय?

गावात जुलाबाचे पेशंट वाढले तर डॉक्टर सलाईन लावतो. पण पेशंट कोणत्या वस्तीतले, पाणी कोणत्या विहिरीचं, टीसीएल पावडर टाकली होती का, हे शोधणारं माणूसही लागतं. साथरोग, आकडेवारी, आरोग्यावरचा खर्च, योजना राबवणं हे या दोन वर्षांच्या कोर्सचे विषय.

आपल्याकडचं उदाहरण

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हेच शिक्षण घेतलं आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ संस्था काढली. तिथल्या ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. तीन वर्षांत नवजात बालमृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या साप्ताहिकात हा अभ्यास छापून आला. बाळंतपणानंतर आशाताई आज ४२ दिवसांपर्यंत घरी येऊन बाळ बघून जातात, त्यामागे हेच काम आहे.

प्रवेश कोणाला?

मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत एमपीएच आहे. तिथल्या काही शाखांना बीए, बीकॉम, बीएस्सी झालेली मुलंही अर्ज करू शकतात. परदेशात शिकायचं असेल तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे.

हे आधी समजून घ्या

एमपीएच करून दवाखाना टाकता येत नाही, औषध लिहून देता येत नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानातली बरीच पदं कंत्राटी असतात. म्हणून फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा : विद्यापीठाला यूजीसीची मान्यता आहे का, प्रत्यक्ष गावात किती दिवस काम करायला मिळतं आणि मागच्या बॅचची मुलं आज कुठं कामाला आहेत? सरळ उत्तर मिळालं नाही, तर पैसे भरू नका.