अनोळखी शेजार

नांदेडहून वा लातूरहून रात्रीच्या गाडीने निघालेला मनुष्य सकाळी मुंबईच्या फलाटावर उतरतो, तेव्हा त्यास पहिली गोष्ट जाणवते ती ही की, एवढ्या जनसमुदायात आपणास ओळखणारे कोणी नाही. गावाकडे नावाबरोबर घराणे कळते; येथे खांद्यास खांदा लावून उभ्या असलेल्या माणसाचे नावही कळत नाही. अशा अपरिचितांची आयुष्ये एकमेकांत कशी गुंतलेली असतात, हे दाखविणारा चित्रपटांचा एक प्रकार आहे. निशिकांत कामत ह्या मराठी दिग्दर्शकाचा ‘मुंबई मेरी जान’ हा २००८ सालचा हिंदी चित्रपट त्याचा उत्तम नमुना होय.

सामान्यतः चित्रकथेस एक नायक असतो व इतर पात्रे त्याच्याभोवती फिरतात. ह्या प्रकारात अनेक कथासूत्रे समांतर चालतात आणि एखादी घटना त्यांची गाठ मारते. येथे ती गाठ भयंकर आहे. ११ जुलै २००६ रोजी सायंकाळी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवरील उपनगरी गाड्यांत अवघ्या अकरा मिनिटांत सात स्फोट झाले व दोनशेच्या आसपास माणसे प्राणास मुकली. हे कृत्य कोणाचे, ह्या शोधात चित्रपट शिरत नाही. जे वाचले त्यांच्या मनाचे पुढे काय झाले, एवढाच त्याचा प्रश्न आहे.

मोटार न घेता आवर्जून आगगाडीने जाणाऱ्या निखिलच्या मनात त्याच गाडीची धास्ती बसते. इतरांच्या शोकाचे वृत्त देणाऱ्या रुपालीचा वाग्दत्त वर स्फोटात मरण पावतो आणि तिच्याच वाहिनीस तिचे अश्रू विकावयाचे असतात. बेकार सुरेश प्रत्येक मुसलमानाकडे संशयाने पाहू लागतो. निवृत्तीस टेकलेला हवालदार तुकाराम पाटील आपल्या निष्फळ नोकरीचा हिशेब मांडतो. रात्री सायकलवरून कॉफी विकणारा थॉमस भव्य दुकानातून कुटुंबासह अपमानित होऊन हाकलला जातो. सूड म्हणून तो दूरध्वनीवरून स्फोटाच्या खोट्या धमक्या देऊ लागतो. त्या गडबडीत एका वृद्धास हृदयविकाराचा झटका येतो, तेव्हा आपण केवळ इमारतीस नव्हे, माणसास घाबरविले, हे थॉमसला उमगते. चित्रपटाचे मर्म येथे आहे. शहरात ज्याचे आपण अहित करतो तो बहुधा अनोळखी असतो. म्हणूनच ते सहज करवते.

प्रभातच्या १९४१ सालच्या ‘शेजारी’ चित्रपटाशी ताडून पाहिल्यास हा भेद स्पष्ट होईल. व्ही. शांताराम यांच्या त्या चित्रपटात जिवबा आणि मिर्झा हे दोन जिवलग शेजारी असतात. त्यांस दूर करण्यासाठी स्वार्थी माणसास कपटाने स्नेह तोडावा लागतो. सुरेशच्या शहरात तोडावयास स्नेहच नाही. ज्याच्याशी कधी बोलणे झाले नाही, त्याचा द्वेष करण्यास कारणही लागत नाही.

लातूर जिल्ह्याने संकट पाहिले नाही असे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाची रात्र सरते न सरते तोच किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला व हजारो माणसे गाडली गेली. परंतु त्या ढिगाऱ्यातून कोणाचे प्रेत निघाले हे सांगणारे कोणीतरी होते. वाचलेल्यास हाक मारणारा गावकरी होता. मुंबईच्या गाडीत शोकासही शेजार नव्हता.

आता हीच नागर अवस्था मराठवाड्याच्या दारी आली आहे. नांदेडला १९९७ मध्ये व लातूरला २०११ मध्ये महानगरपालिका झाली. वैद्यकीय प्रवेशाची तयारी करण्यासाठी परगावचे विद्यार्थी लातुरात भाड्याच्या खोल्यांत राहतात. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यास पंजाबपर्यंतचे यात्रिक येतात. वाड्याच्या जागी इमारत उठली की, समोरच्या दारामागे कोण राहतो हे ठाऊक असेलच असे नाही. तेव्हा थॉमस अथवा सुरेश केवळ मुंबईतच भेटेल, असे समजण्याचे कारण उरत नाही.

स्फोटानंतर आठवड्याने, १८ जुलै २००६ रोजी, मुंबई मृतांच्या स्मरणार्थ दोन मिनिटे स्तब्ध उभी राहिली. चित्रपटाचा शेवटही अशाच स्तब्धतेत होतो. कथेची पहिली गाठ स्फोटाने, बळाने बसली होती. ही दुसरी माणसांनी स्वेच्छेने मारलेली आहे. त्या दोन मिनिटांत कोणी कोणाचे नाव विचारीत नाही. तरीही प्रत्येक जण शेजारच्याबरोबर थांबलेला असतो. दोन मिनिटे सरतात आणि गाडी पुढे निघते. पलीकडच्या दारावर थाप मारून नाव विचारण्याचे काम मात्र ज्याचे त्यास करावे लागते.