थीम पार्कमधील थरारक व कौटुंबिक आकर्षणांचा समतोल

थीम पार्कमधील थरारक व कौटुंबिक आकर्षणांचा समतोल म्हणजे एखाद्या विषयावर बेतलेल्या मनोरंजन उद्यानाच्या निरनिराळ्या विभागांत वेगवान, उंच किंवा भयप्रद राइड आणि लहान मुलांपासून वृद्धांपर्यंत सर्वांना एकत्र घेता येतील अशा राइड यांचे प्रमाण व जागा ठरविणे होय. अशा उद्यानात माणसे सहसा एकटी येत नाहीत. आजी, आई-वडील, महाविद्यालयीन भावंडे आणि चार वर्षांचे मूल एकाच तिकीट-खिडकीवरून आत जातात. त्यांपैकी कोणाला दिवसभर पिशव्या सांभाळत बसावे लागते, हा या नियोजनातील कळीचा प्रश्न मानता येईल.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात थीम पार्क येण्याच्या पुष्कळ आधीपासून जत्रांमधून आकाशपाळणा, लाकडी घोड्यांची चक्री आणि मौत का कुआ ही आकर्षणे लोकप्रिय आहेत. आकाशपाळण्याच्या एकाच डब्यात तीन पिढ्या बसू शकतात. मौत का कुआमध्ये धोका पत्करतो तो मोटारसायकलस्वार. प्रेक्षक वरच्या कठड्याशी उभे राहून तो थरार सुरक्षित अंतरावरून अनुभवतात. न बसणाऱ्यालाही पाहण्यासारखे काही मिळावे, हे जत्रेतील तत्त्व आधुनिक उद्यानांनीही, बहुधा नकळत, स्वीकारलेले दिसते.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९५५ साली सुरू झालेल्या डिस्नेलँडमुळे उद्यानाची विषयवार विभागणी सर्वत्र रूढ झाली. आपल्या मुली चक्रीवर बसलेल्या असताना बाकावर बसून राहावे लागल्यामुळे, पालक व मुले यांना एकत्र रमता येईल अशा जागेची कल्पना सुचली, असे वॉल्ट डिस्ने सांगत असत. उद्घाटनाच्या वेळी तेथे एकही रोलर कोस्टर नव्हता. मॅटरहॉर्न हा पहिला रोलर कोस्टर १९५९ साली आला. उलट, २००१ साली त्याच्या शेजारीच सुरू झालेल्या डिस्नेज कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर या उद्यानात लहान मुलांसाठी फारच थोडे आहे, अशी टीका झाली आणि पुढच्याच वर्षी तेथे ‘अ बग्ज लँड’ हा बालविभाग उघडावा लागला.

भारतात मुंबईजवळ गोराई येथे १९८९ मध्ये सुरू झालेले एस्सेल वर्ल्ड हे आरंभीच्या मोठ्या उद्यानांपैकी एक होय. तेथे कथाविषयापेक्षा राइडच्या प्रकाराला अधिक महत्त्व होते.

मांडणी

सर्व थरारक राइड एका टोकाला आणि मुलांच्या राइड दुसऱ्या टोकाला ठेवल्यास देखभाल सोपी होते, परंतु कुटुंब प्रवेशद्वारापाशीच विभागले जाते. म्हणून विषयाधारित विभागात दोन्ही प्रकार शेजारी ठेवण्याकडे कल असतो. ऑरलँडो येथे २०१० साली सुरू झालेल्या हॅरी पॉटर विभागात उलटसुलट फिरणाऱ्या जुळ्या रोलर कोस्टरजवळच ‘फ्लाइट ऑफ द हिप्पोग्रिफ’ हा छोटा कौटुंबिक कोस्टर होता. कथा एकच असल्याने लहान मुलालाही आपण मोठ्यांच्याच जगात आहोत असे वाटते.

शेजार जवळचा असला तरी त्याला मर्यादा असते. उंचावरून कोसळणाऱ्या राइडमधील किंकाळ्या लहानग्यांच्या चक्रीवर सतत ऐकू येत असतील, तर मूल त्या चक्रीवरही बसायला घाबरते. यासाठी मध्ये झाडी, इमारत किंवा पाणी घेतले जाते. बाहेर थांबणाऱ्यांसाठी सावली आणि बसण्याची सोय ही महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात कोणत्याही सजावटीपेक्षा मोलाची ठरते.

भीती केवळ वेगातून निर्माण होत नाही, ही गोष्ट नियोजनात अनेकदा निसटते. अंधारातून संथपणे जाणारी भुताच्या वाड्याची सफर शरीराला मुळीच कठीण नसते. तरीही पाच वर्षांच्या मुलाला ती उंच पाळण्यापेक्षा अधिक घाबरवू शकते. उंची मोजण्याच्या पट्टीने हा फरक कळत नाही.

इमॅजिका

रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ, मुंबई–पुणे द्रुतगती मार्गालगत २०१३ साली सुरू झालेले इमॅजिका हे या समतोलाचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण आहे. चित्रपट निर्माते मनमोहन शेट्टी यांच्या पुढाकाराने ते उभे राहिले. तेथील ‘नायट्रो’ हा स्विस कंपनी बोलिगर अँड मॅबिलार्डने बनविलेला रोलर कोस्टर सुमारे ४० मीटर उंच असून त्याचा वेग ताशी सुमारे १०५ किलोमीटरपर्यंत जातो. बसणाऱ्याच्या पायांखाली तळ नसतो आणि मार्गात पाच वेळा गाडी उलटी होते. ‘डीप स्पेस’ हा कोस्टर बंदिस्त इमारतीत, अंधारातून धावतो.

दुसऱ्या टोकाला चक्री आणि टबी नावाच्या हत्तीची उडती राइड आहे. ‘डेअर टू ड्रॉप’ या उंच मनोऱ्यावरून खाली कोसळण्याच्या राइडची लहानशी आवृत्ती म्हणावी अशी ‘हम्प्टीज फॉल’ ही मुलांची राइडही तेथे आहे. थोरल्या भावाला मिळणारी गती धाकट्यालाही त्याच्या मापाने मिळते, हे या जोडीचे वैशिष्ट्य.

परंतु समतोलाचा खरा भार मधल्या आकर्षणांवर असतो. ‘मिस्टर इंडिया’ ही राइड १९८७ च्या हिंदी चित्रपटावर बेतलेली असल्याने तिच्याशी पालकांच्या आठवणी जोडलेल्या असतात. गुजरातेतील रहिओली येथे जीवाश्म सापडलेल्या आणि २००३ साली नामकरण झालेल्या राजासौरस या डायनोसॉरवरून नाव घेतलेल्या जलसफरीत बराच वेळ होडी संथ चालते आणि थराराचा क्षण शेवटच्या उतारावर येतो.

उंचीची अट

थरारक राइडसाठी बहुधा वयाची नव्हे, तर उंचीची अट असते. मांड्यांवर किंवा खांद्यांवर येणारा सुरक्षादांडा ठरावीक बांध्यालाच नीट बसतो. फार लहान शरीर त्याखालून निसटण्याचा धोका असतो. त्यामुळे रडणाऱ्या मुलासाठी कर्मचाऱ्याने सवलत देणे हा दयाळूपणा ठरत नाही. उंचीची खूण रांगेच्या शेवटी न ठेवता सुरुवातीलाच लावल्यास तासभर थांबून परतण्याची वेळ येत नाही. काही उद्यानांत एका पालकाची फेरी होईपर्यंत दुसरा मुलाजवळ थांबतो आणि नंतर पुन्हा रांग न लावता त्याला आत सोडले जाते.

भक्तिपर उद्यान

गेवराईसारख्या मराठवाड्यातील गावांतून येणाऱ्या कुटुंबांच्या प्रवासात देवदर्शन आणि करमणूक यांची अनेकदा सांगड असते. बीडला लागून असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील शिर्डी येथे साई तीर्थ हे भक्तिपर थीम पार्क आहे. देशातील मंदिरांच्या प्रतिकृतींमधून जाणारी ‘तीर्थयात्रा’ आणि हनुमानाच्या कथेवरील ‘लंका दहन’ ही तेथील आकर्षणे सर्व वयांसाठी आहेत. घसरगुंड्या व लाटांची मजा शेजारच्या वेट अँड जॉय जलउद्यानात मिळते. येथे समतोल एका विभागात साधण्याऐवजी दोन लगतच्या उद्यानांत वाटला गेला आहे. पोरे पाण्यात असताना आजी-आजोबांचा वेळ मात्र त्यामुळे वेगळाच जातो.