ठोकळ्यातली माणसे

२०१४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर सलग दोन वर्षे मी भाऊबीजेला ताईकडे गेलो नाही. भावजी लहानपणापासून संघाच्या शाखेत जाणारे. मी राष्ट्र सेवा दलात वाढलेला. निकालाच्या दिवशी जेवणाच्या ताटावर बोलाचाली झाली. ते मला ‘झोळीवाला’ म्हणाले, मी त्यांना ‘चड्डीवाले’ म्हणालो. शब्द नवे नव्हते. पुण्यात ते आमच्या आधीच्या दोन पिढ्यांनी वापरून गुळगुळीत केलेले होते. पण त्या दिवशी ताई दोघांपैकी कुणालाही वाढायला पुढे आली नाही.

मी कुणी प्राध्यापक नाही. नारायण पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून नोकरी केली, आणि शिकलो ते ग्रंथालयांत जुनी वृत्तपत्रे चाळून. राजकीय विरोधक एकमेकांना ओळखतात म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मात्र त्या जेवणानंतर माझ्या मागे लागला. त्याचा शोध घेताना जे हाती आले, ते इथे मांडतो.

छापखान्यातला शब्द

‘स्टिरिओटाइप’ हा शब्द मुळात आमच्या धंद्यातला. माझे वडील जुळारी होते, त्यांच्याकडून मी त्याचा अर्थ शिकलो. सुटे खिळे जुळवून पान तयार करायचे, त्यावर ओला जाड कागद दाबून ठसा घ्यायचा, त्या ठशात वितळलेले शिसे ओतायचे. थंड झाले की अख्ख्या पानाचा एकच ठोकळा मिळतो. खिळे मोकळे होतात आणि ठोकळ्यावरून हव्या तितक्या प्रती निघतात. सोय मोठी, पण एक अडचण आहे. जुळवलेल्या पानात चूक सापडली तर चिमट्याने खिळा काढून दुसरा बसवता येतो. ठोकळ्यात तसे जमत नाही.

१९२२ साली वॉल्टर लिपमन या अमेरिकी पत्रकाराने ‘पब्लिक ओपिनियन’ या पुस्तकात हा शब्द माणसांच्या मनाला लावला. आपण आधी पाहतो आणि मग व्याख्या करतो असे नसते. बहुतेक वेळा व्याख्या आधी तयार असते आणि पाहणे त्यानंतर होते, असे त्याचे म्हणणे. मराठीत आपण ‘ठोकळेबाज’ म्हणतो, तेव्हा नकळत त्याच शिशाच्या ठोकळ्याजवळ जातो.

‘डावे’ आणि ‘उजवे’ हेही असेच ओतीव शब्द. फ्रान्सच्या १७८९ च्या राष्ट्रीय सभेत कोण कुठल्या बाजूला बसले, त्यावरून ते आले. भारतातली भांडणे या दोन बाकांवर नीट बसत नाहीत. प्रदीप छिब्बर आणि राहुल वर्मा यांनी २०१८ च्या त्यांच्या ग्रंथात दाखवले आहे, की आपल्याकडची वैचारिक रेघ युरोपातल्यासारखी नाही. शासनाने समाजाच्या रूढींत किती हात घालावा आणि मागे राहिलेल्या समूहांसाठी काय करावे, या दोन प्रश्नांवरून ती जाते. तरी पुण्यात हे शब्द चालतात, म्हणून मीही वापरतो.

आठ वर्षांचे अंतर

आजच्याइतकी कटुता पूर्वी नव्हती, असे सर्रास म्हटले जाते. मला ते खरे वाटत नाही. १९४२ च्या लढ्यात समाजवादी भूमिगत होते आणि कम्युनिस्ट पक्ष त्या लढ्याच्या विरोधात होता. ही गोष्ट समाजवाद्यांनी मनातून कधी काढली नाही. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला. त्यानंतर पुण्यात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या गावांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली, संघावर बंदी आली, ती जुलै १९४९ मध्ये उठली. एका बाजूला खुनाचा संताप, दुसऱ्या बाजूला जळलेल्या घरांची राख. आजच्या समाजमाध्यमांवरच्या शिवीगाळीपेक्षा हे कितीतरी भारी होते.

आणि तरीही ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्याच्या टिळक स्मारक मंदिरात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, तेव्हा प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन, हिंदू महासभा आणि जनसंघ एका व्यासपीठावर आले. मधे जेमतेम आठ वर्षे गेली होती. हे घडले कसे?

एक उत्तर आदल्या वर्षीच्या गोवा सत्याग्रहात मिळते. मे १९५५ मध्ये समाजवादी ना. ग. गोरे आणि सेनापती बापट सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्यात शिरले. पाठोपाठ जनसंघाचे जगन्नाथराव जोशी गेले, मधू लिमये गेले. पुण्यात या सत्याग्रहाला पाठबळ देणाऱ्या गोवा विमोचन सहाय्यक समितीच्या कामात हिंदू महासभेचे जयंतराव टिळक पुढे होते. पोर्तुगीजांनी गोरे, लिमये आणि जोशी यांना लांबलचक शिक्षा ठोठावून आग्वादच्या किल्ल्यात ठेवले. १९५७ च्या सुरुवातीला ते सुटले. पोर्तुगीज पहारेकऱ्यांनी लाठी मारताना डावा-उजवा असा भेद केला नव्हता.

दुसरे उत्तर समितीच्या बांधणीत आहे. तिने कुणालाही आपले विचार सोडायला सांगितले नाही. मागणी एकच होती: मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र. ही मागणीही सगळ्यांना सोपी नव्हती. भाषावार प्रांतरचना गोळवलकर गुरुजींना मान्य नव्हती आणि जनसंघ एकात्म राज्याचा पुरस्कार करत होता. म्हणजे इथल्या जनसंघीयांनी आपल्याच वरिष्ठांच्या विचाराला मुरड घातली. तिकडे एस. एम. जोशींना कम्युनिस्टांबरोबर काम करण्याबद्दल आपल्याच पक्षातून बोल ऐकावे लागत. प्रत्येकाने थोडी किंमत आपल्या घरात मोजली होती.

१९५७ च्या निवडणुकीचे आकडे पाहा. पुण्यातून गोरे लोकसभेवर गेले, एसेम विधानसभेवर. मध्य मुंबईतून कम्युनिस्ट श्रीपाद अमृत डांगे आणि नाशिकमधून फेडरेशनचे दादासाहेब गायकवाड निवडून आले. जनसंघाला त्या वर्षी साऱ्या देशात लोकसभेच्या फक्त ४ जागा मिळाल्या. त्यांतल्या २, धुळे आणि रत्नागिरी, समितीच्या लाटेत आलेल्या होत्या.

माझे वडील तेव्हा सतरा वर्षांचे होते, सेवा दलाचे. रात्री समितीची भित्तिपत्रके चिकटवायला ते जात, तेव्हा शेजारच्या वाड्यातला शाखेत जाणारा मुलगा बरोबर असे. एकाकडे खळीची बादली, दुसऱ्याकडे शिडी. वडील सांगत, “शिडी त्याच्या हातात होती. भरवसा ठेवल्यावाचून वर चढणार कसा?”

कामाने काय होते

गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये पूर्वग्रहांवर ग्रंथ लिहिला. नुसत्या सहवासाने पूर्वग्रह जात नाहीत, असे तो म्हणतो. त्यासाठी चार गोष्टी लागतात: कामापुरता दोघांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवे, ते एकमेकांच्या मदतीशिवाय साधू नये, आणि दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांची त्याला संमती हवी. खळ आणि शिडीत या चारही गोष्टी होत्या. ताईच्या घरच्या त्या जेवणात पहिली होती. बाकीच्या तीन नव्हत्या.

पण कामाने झालेली ओळख कामाबरोबर संपू शकते. १ मे १९६० ला राज्य आले आणि समिती विस्कटली. आणीबाणीत हेच पुन्हा घडले. येरवड्याच्या तुरुंगात सरसंघचालक बाळासाहेब देवरस होते, शेकडो स्वयंसेवक होते आणि समाजवादीही होते. १९७७ मध्ये सगळे जनता पक्षात एकत्र आले. दोन वर्षांत पक्ष फुटला तो दुहेरी सदस्यत्वावरून: जनता पक्षात असणाऱ्याने संघाशी नाते ठेवावे की नाही. हा प्रश्न हिरिरीने लावून धरणारे मधू लिमये, म्हणजे जगन्नाथरावांबरोबर आग्वादला शिक्षा भोगलेले गृहस्थ.

हे वाचून मी पहिल्यांदा खट्टू झालो. नंतर वेगळे वाटू लागले. लिमये ज्यांच्याशी भांडत होते, त्यांना ते जवळून ओळखत होते. तो प्रश्न खराच होता, आणि ‘मतभेद असावेत, मनभेद नसावेत’ या सुविचाराखाली झाकण्याजोगा नव्हता. समान भूमी म्हणजे दोघांच्या मधली, कुणाचीच नसलेली जागा नव्हे. दोघांना मिळून करता येईल असे एखादे काम, इतकाच तिचा विस्तार. त्याबाहेर भांडण राहणार. ते खऱ्या माणसाशी व्हावे, ठोकळ्याशी नव्हे.

दहा प्रश्न

ठोकळा किती चुकतो, याचे मोजमाप अमेरिकेत झाले आहे. डग्लस आहलर आणि गौरव सूद यांच्या २०१८ च्या अभ्यासात लोकांचा अंदाज होता, की रिपब्लिकन समर्थकांपैकी ३८ टक्क्यांची वार्षिक कमाई अडीच लाख डॉलरहून जास्त असेल. प्रत्यक्षात असे २ टक्के होते. डेमोक्रॅटांमध्ये समलिंगी वा उभयलिंगी किती, याचा अंदाज ३२ टक्के. प्रत्यक्षात सुमारे ६. राजकारणात ज्यांना जास्त रस, त्यांचे अंदाज जास्त चुकलेले. म्हणजे रोज तीन वर्तमानपत्रे वाचणाऱ्या माझ्यासारख्यांनी आपल्या ज्ञानाबद्दल जपून बोलावे.

हा अभ्यास मी बऱ्याच उशिरा वाचला. त्याआधीच, २०१६ च्या दिवाळीत, ताईने निर्वाणीचा निरोप धाडला होता: “ओवाळायला माणूस लागतं, पक्ष नाही.” मी गेलो. जाताना दोन कागद नेले. दोन्हींवर तेच दहा प्रश्न: हमीभाव, आरक्षण, सरकारी शाळा, आंतरजातीय लग्न, रोजगार हमी, इतिहासाची पाठ्यपुस्तके असे. प्रत्येकाने आधी स्वतःचे उत्तर लिहायचे, मग समोरच्याचे काय असेल ते.

भावजी हसले. “परीक्षा घेतोस काय रे माझी?”

“तुम्हीही माझी घ्या,” मी म्हणालो.

मला त्यांची चार उत्तरे बरोबर ओळखता आली, त्यांना माझी पाच. रोजगार हमी म्हणजे पैशाची उधळपट्टी, असे ते म्हणणार याची मला खात्री होती. त्यांनी लिहिले होते: ‘चालूच राहिली पाहिजे.’ १९७२ च्या दुष्काळात त्यांच्या आई खडी फोडायला जात होत्या. पंचवीस वर्षांच्या नात्यात हे मला ठाऊक नव्हते, कारण मी कधी विचारलेच नव्हते. आणि त्यांना वाटत होते, की देवधर्माच्या नावाने मी नाक मुरडत असणार. दर आषाढी वारीला मी माउलींच्या पालखीबरोबर पुण्याहून दिवे घाट चढून सासवडपर्यंत चालतो, हे ऐकून ते गप्प झाले.

दोन प्रश्नांवर मात्र आम्ही एकमेकांना अचूक ओळखले होते, आणि तिथे उत्तरे पूर्ण उलट होती. पाठ्यपुस्तके हा त्यांतला एक. त्यावर आम्ही त्याही दिवशी तासभर भांडलो, अजून भांडतो. मला ते चूक वाटतात आणि ते घातक आहे असेही वाटते. त्यांनाही माझ्याबद्दल तेच वाटते.

पण त्या भांडणात आता त्यांच्या आईंच्या हातातला हातोडा असतो. ‘चड्डीवाले’ हा शब्द तोंडात आला, तरी पुढे सरकत नाही. ताईने ते दोन्ही कागद देव्हाऱ्याच्या फडताळात ठेवले आहेत. यंदाच्या भाऊबीजेला नवे प्रश्न आणायचे, असा भावजींचा निरोप आहे. या वेळी ते स्वतः काढणार आहेत.