हाड जुळले, पण पाय?

कुत्र्याच्या पिल्लाला गाडीची धडक बसते, मांडीचे हाड मोडते. पशुवैद्य शस्त्रक्रिया करून धातूची पट्टी आणि स्क्रू यांनी ते जोडतात. घरच्यांना वाटते, काम झाले; आता पिल्लाला नुसते पडून राहू द्यावे. पिल्लूही थोड्याच दिवसांत तीन पायांवर मजेत हिंडू लागते. महिन्याभराने एक्स-रे काढला तर हाड छान जुळलेले दिसते. पण गुडघा वाकत नाही! पाय काठीसारखा ताठ झालेला असतो. असे का व्हावे?

मांडीच्या पुढच्या बाजूला एक मोठा स्नायू असतो. गुडघा सरळ करणे हे त्याचे काम. हाड मोडते तेव्हा त्यालाही इजा होते. पाय हलवलाच नाही, तर इजा भरून येताना तेथे न ताणली जाणारी तंतुमय ऊती तयार होते आणि स्नायू हाडाला चिकटतो. वाढत्या वयाच्या कुत्र्यांत हे काही आठवड्यांतच घडते. एकदा घडले की पाय पूर्ववत होणे फार अवघड.

सांध्यातील कूर्चेलाही हालचाल लागते. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. ती स्पंजासारखी दबते आणि सुटते, तेव्हा सांध्यातील द्रव आत-बाहेर होऊन तिचे पोषण होते. हाडाचेही तसेच. त्यावर जसा भार पडतो तशी त्याची रचना घडते, असे जर्मन शल्यचिकित्सक ज्युलियस वोल्फ यांनी 1892 साली मांडले. भार न पडणारे हाड विरळ होत जाते.

मग पिल्लाला मोकळे सोडावे का? मुळीच नाही. पुन:पुन्हा वाकवलेली तार जशी तुटते, तशी पट्टीही तुटू शकते; स्क्रू सैल होतात. म्हणजे भार हवा, पण मोजून. हे मोजमाप म्हणजेच भौतिकोपचार.

पहिले दोन-तीन दिवस सूज उतरावी म्हणून कापडात गुंडाळलेला बर्फ 10-15 मिनिटे धरतात. मग पशुवैद्यांच्या सल्ल्याने पिल्लाला कुशीवर निजवून एकेक सांधा हळूहळू वाकवायचा आणि सरळ करायचा. 10-15 वेळा, दिवसातून दोन-तीनदा. पिल्लाने अंग आखडले किंवा मान वळवून पाहिले, की थांबायचे. पुढे साखळी धरून चालवायचे, तेही अगदी सावकाश. पळताना कुत्रा दुखरा पाय उचलून तिघांवर निभावून नेतो. सावकाश चालताना मात्र तो पाय टेकवू लागतो.

काही पशुरुग्णालयांत पाण्याच्या टाकीत फिरता पट्टा असतो. कुत्र्याला त्यावर चालवतात. पाणी गुडघ्यापर्यंत असेल तर पायांवर वजनाच्या सुमारे 85 टक्के भार येतो. मांडीच्या वरच्या सांध्यापर्यंत असेल तर सुमारे 38 टक्केच. म्हणजे 20 किलोच्या कुत्र्याच्या चार पायांवर मिळून साडेसात किलोच्या आसपास!

भार एकदम एवढा का घटला? हा प्रश्न वर्गात जरूर विचारा. स्प्रिंगच्या ताणकाट्याला एक मोठा बटाटा दोऱ्याने टांगा आणि पाण्यात थोडा थोडा बुडवत प्रत्येक वेळी वाचन घ्या. जितके पाणी बाजूला सारले जाईल, तितके वजन कमी भरते. हे आर्किमिडीजचे तत्त्व. कुत्र्याचे पाय बारीक. ते फारसे पाणी सारत नाहीत. पोट बुडू लागले की मात्र भार झपाट्याने उतरतो.

मुलांपैकी कोणाच्या तरी घरी कधी ना कधी असा कुत्रा असतोच. टाके निघाल्यावर निम्मे काम उरलेले असते आणि ते घरच्यांनीच करायचे असते, हे त्यांना ठाऊक असले तर एखादा पाय वाचेल.