प्रवासातील स्वरुचिभोजन आणि आहारविधी

सिरोंचा हे गडचिरोली जिल्ह्याचे दक्षिण टोक. प्राणहिता व गोदावरी यांच्या संगमाजवळील या गावाहून जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे तर आलापल्लीमार्गे २०० किलोमीटरांहून अधिक अंतर कापावे लागते. पुलापलीकडे मात्र लगेच तेलंगण लागते. कचेरीची कामे गडचिरोलीस, सोयरिकी नदीपलीकडे आणि आम्हां वैद्यांची अधिवेशने नागपूर-पुण्यास, अशी येथील स्थिती आहे. पूर्वी या प्रवासात सोबत शिदोरी असे व मुक्कामी पंगत. आता दोहोंची जागा बहुतांशी स्वरुचिभोजनाने, म्हणजेच रूढ भाषेतील बुफेने घेतली आहे.

या विषयाकडे आमचे लक्ष एका रुग्णामुळे वेधले गेले. पन्नाशी उलटलेले हे मधुमेही गृहस्थ आमची औषधे घेत, तसेच आधुनिक चिकित्सकांनी दिलेली साखर उतरविणारी गोळीही घेत. तेलंगणातील नातलगांच्या लग्नास निघताना त्यांनी पथ्य विचारले. “तेथील काही खाऊ नका,” एवढेच आम्ही सांगितले. त्यांनी सकाळी गोळी घेतली, मुहूर्त लांबला, दुपारचे तीन वाजले तरी पोटात अन्न नव्हते. अंगाला कंप सुटला, दरदरून घाम आला, भोवळ येऊ लागली. साखरपाणी घेतल्यावर ते सावरले. आणि मग भुकेच्या भरात त्यांनी दिसेल ते ताटात घेतले. परतल्यावर त्यांनी हे सर्व संकोचाने सांगितले. वस्तुतः संकोच आम्हांस वाटावयास हवा होता. चूक रुग्णाच्या जिभेची नव्हती, आमच्या सल्ल्याची होती. निषेध सांगणे सोपे असते. विधी सांगणे हे वैद्याचे काम.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था व उपयोक्ता ही आठ आहारविधिविशेषायतने सांगितली आहेत. पंगतीत यांपैकी बऱ्याच गोष्टी यजमान व वाढपी सांभाळीत. काय आधी, काय नंतर, किती वाढायचे याचा क्रम ठरलेला असे. स्वरुचिभोजनात वाढपी नाही. तेथे सर्व भार उपयोक्त्यावर येतो, आणि नावाप्रमाणेच तेथे रुचीला विचारले जाते, अग्नीला नाही.

यात सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे राशी. राशीचे सर्वग्रह व परिग्रह असे दोन प्रकार आहेत. प्रत्येक पदार्थ ‘चवीपुरता एक चमचा’ घेतला की परिग्रह अल्प भासतो. परंतु वीस पदार्थांचा सर्वग्रह कुक्षीच्या मर्यादेपलीकडे जातो. म्हणून रुग्णास ‘थोडे थोडे खा’ असे न सांगता ‘मोजके पदार्थ घ्या’ असे सांगावे. कुक्षीचे तीन भाग कल्पून एक घन आहारास, एक द्रवास व एक दोषांच्या संचारास मोकळा ठेवावा, हे त्रिविधकुक्षीय अध्यायातील मान ताटाकडे पाहतानाच ध्यानात आणावे.

प्रत्यक्षात आम्ही आता पुढीलप्रमाणे सांगतो. ताट हाती घेण्यापूर्वी मांडलेल्या सर्व पदार्थांवरून एकदा फेरी मारावी व मगच निवड करावी. प्रवासाने वात वाढलेला व अग्नी विषम झालेला असतो; म्हणून उष्ण, किंचित स्निग्ध व ओळखीचे अन्न निवडावे. आपल्या भागात वरण-भात, चारू व एखादी साधी भाजी बहुधा मिळतेच. अम्लपित्ताच्या रुग्णाने अंबाडी व मिरचीचे पदार्थ टाळावेत. मासे घेतल्यास त्याच जेवणात खीर वा बासुंदी घेऊ नये. दूध व आंबट फळे एकत्र असलेले फ्रूट सॅलडही विरुद्धच होय. रात्री दही नको. खुर्ची शोधून बसावे. घाई न करता, गप्पांत न रमता, अन्नाकडे मन ठेवून जेवावे. दुसऱ्यांदा उठण्यापूर्वी थोडे थांबावे. आधीचे पचले नसता पुन्हा खाणे हे अध्यशन होय. अधिवेशनातील न्याहारी, चहाबरोबरचे पदार्थ व भोजन या क्रमात ते आपणां वैद्यांकडूनही सहज घडते.

पदार्थ केव्हापासून मांडलेले आहेत हेही पाहावे. शिजविलेले अन्न ६० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानात राहावे व सामान्य तापमानात दोन तासांपेक्षा अधिक काळ ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. उघड्यावर राहिलेल्या भातात काही जंतूंचे विष तयार होऊ शकते व ते पुन्हा तापवूनही नष्ट होत नाही. सिरोंच्याच्या उन्हाळ्यात ज्या भातातून वाफ येत नाही, तो सोडून द्यावा. कापून ठेवलेली फळेही टाळावीत.

मधुमेही रुग्णास तर प्रथम भोजनाची वेळ विचारावी. विलंबाचा संभव असल्यास गोळीविषयी ती देणाऱ्या चिकित्सकांशी आधीच बोलण्यास सांगावे. जवळ फुटाणे असावेत व भोवळ आल्यास उपयोगी पडावी म्हणून साखरेची पुडीही असावी.

औषधी विक्रेत्या बंधूंनाही एक विनंती. लग्नसराईत पाचक चूर्णांची मागणी वाढते. हिंग्वाष्टक चूर्ण पहिल्या घासाबरोबर तुपातून घ्यावयाचे असते. अतिभोजनानंतरचे ते प्रायश्चित्त नव्हे. लवणभास्करात लवणाचे प्रमाण मोठे असल्याने गिऱ्हाईकास रक्तदाबाचा विकार आहे काय, हे विचारल्याखेरीज ते देऊ नये. चूर्णाच्या भरवशावर अधिक जेवण्याची सवय आपल्या दुकानातून लागू नये.

ते गृहस्थ पुढे आणखी एका लग्नास गेले. घरून थोडे खाऊन निघाले, तेथे चार पदार्थ निवडले, बसून जेवले आणि गोडाचा एक घासही घेतला. परतल्यावर या वेळी त्यांना संकोच नव्हता. ‘जाऊ नका, खाऊ नका’ असे सांगून रुग्णास समाजापासून तोडण्यापेक्षा पंगतीतला हरवलेला वाढपी त्याच्या मनात बसविणे, हेच आपले कार्य आहे.