चातुर्मासाचा नेम आणि बाजाराचा मोह

ग्वाल्हेरचा हिवाळा आणि ग्वाल्हेरचा मेळा यांची फारकत करता येत नाही. माधवराव महाराज शिंदे यांनी १९०५ साली सुरू केलेला हा मेळा मुळात गुराढोरांचा. बैल घेणारा मनुष्य त्याचे दात पाही, चालवून बघे, भाव न पटल्यास रिकाम्या हाताने गावी परते, आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नसे. आज रेसकोर्स मार्गावरील त्या विस्तीर्ण मैदानात गर्दी उसळते ती वाहनांच्या दालनांत. २०२४ व २०२५ च्या मेळ्यांत राज्य शासनाने वाहनकरात ५० टक्के सूट दिली आणि पापड खाण्यासाठी निघालेली कित्येक कुटुंबे नवी गाडी नोंदवून घरी परतली.

सूट खरी आहे, त्याविषयी वाद नाही. ज्यास गाडी घ्यावयाचीच होती त्याचे पैसे निश्चित वाचतात. परंतु समजा, एखाद्याने केवळ सुटीच्या मोहाने १ लाख रुपये कर्ज काढून मोटरसायकल घेतली. व्याज १२ टक्के, मुदत ३ वर्षे. मासिक हप्ता सुमारे ३,३२० रुपये येतो आणि तीन वर्षांत व्याजापोटी साडेएकोणीस हजारांच्या वर रक्कम जाते. करात वाचलेले चार-पाच हजार यापुढे कोठे उभे राहतात, हे चौथीतल्या मुलासही सांगता येईल.

मी बालरोगतज्ज्ञ, अर्थशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तथापि बालकाच्या प्रकृतीचा आणि घरातील हप्त्यांचा संबंध मला तपासणीच्या मेजावरून नित्य दिसतो. काही वर्षांपूर्वी सात वर्षांचा एक मुलगा रात्री दोनच्या सुमारास माझ्याकडे आला. जुना दम्याचा रुग्ण. प्रतिबंधक पंपावर वर्षभर उत्तम होता. त्या रात्री बरगड्या आत ओढल्या जात होत्या, एक वाक्य पुरे करण्याइतका श्वास नव्हता. प्राणवायू, नेब्युलायझर, दोन दिवसांचा मुक्काम. सकाळी आईने खाली मान घालून सांगितले, "डॉक्टरसाहेब, पंप दीड महिन्यापूर्वी संपला. गाडीचा हप्ता आधी भरावा लागतो ना."

पंप काही शे रुपयांचा होता. वडील दाल बाजारातील एका दुकानात नोकरीला. जुनी दुचाकी चालू अवस्थेत होती. त्यांना मी बेजबाबदार म्हणणार नाही. मुलाला नव्या गाडीवरून शाळेत सोडावे, ही इच्छा वात्सल्याचीच होती. फरक इतकाच की, हप्ता चुकला तर दूरध्वनी येतो. पंप संपला तर कोणाचाही येत नाही. त्यांना मी एवढेच सुचविले की, पगाराच्या दिवशी जी यादी होते तिच्या पहिल्या ओळीत पंप लिहावा, हप्त्याच्याही वर. तेव्हापासून मुलगा रात्री-अपरात्री आलेला नाही.

पैसा हातून सुटताना जी बोच लागते ती अलीकडे फारच बोथट झाली आहे. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेतील प्रेलेक व सिमेस्टर यांनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सामन्यांच्या तिकिटांचा लिलाव केला असता, रोख देणाऱ्यांच्या तुलनेत क्रेडिट कार्डाने देणाऱ्यांनी दुपटीपर्यंत बोली लावली. तिकीट तेच, माणसे त्याच प्रकारची. आपल्याकडे २०१६ पासून यूपीआय आले आणि पाकीट उघडण्याचा क्षणही गेला. भरीस भर म्हणजे पडद्यावरील 'फक्त दोनच शिल्लक' यांसारख्या घोषणा. केंद्र शासनाच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ फसव्या क्लृप्त्यांची यादी करून त्यांना मनाई केली. खोटी घाई लावणे आणि न मागितलेली वस्तू हळूच टोपलीत टाकणे या दोन्ही तीत आहेत.

मोह आवरण्याचा विषय निघाला की आम्हां बालरोगतज्ज्ञांना वॉल्टर मिशेल यांचा स्टॅनफर्ड येथील प्रयोग आठवतो. बालकापुढे एक मिठाई ठेवावयाची; आत्ता खाल्लीस तर एक, थांबलास तर दोन. थांबणारी मुले पुढे यशस्वी होतात, असे त्यावरून वर्षानुवर्षे सांगितले गेले. २०१८ साली नऊशेहून अधिक मुलांच्या माहितीवरून फेरतपासणी झाली, तेव्हा घरची परिस्थिती विचारात घेताच तो संबंध पुष्कळच क्षीण ठरला. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो रॉचेस्टर विद्यापीठाचा २०१३ चा छोटा अभ्यास. ज्या मुलांना मोठ्यांनी आधी दिलेला शब्द पाळला होता ती सरासरी बारा मिनिटे थांबली. ज्यांचा शब्द मोडला होता ती तीनच मिनिटे. मनोनिग्रह हा उपजत गुण म्हणून मुलांच्या माथी मारण्यापूर्वी हे आठवलेले बरे. मिशेल यांच्याही प्रयोगात तग धरली ती डोळे झाकून घेणाऱ्या, गाणी म्हणणाऱ्या मुलांनी. मिठाईकडे टक लावून निर्धार करणाऱ्यांनी नव्हे.

आता थोडे आपल्या व्यवसायबंधूंविषयी. वैद्यकीय परिषदांमधील प्रदर्शनाची दालने हाही एक मेळाच. 'परिषदेपुरती किंमत' हे शब्द कानी पडले की भले भले मोहात पडतात. गृहस्थाने अकारण घेतलेली वस्तू माळ्यावर जाते. डॉक्टराने अकारण घेतलेले यंत्र मात्र माळ्यावर जात नाही, त्याचा हप्ता रुग्णाच्या चिठ्ठीत डोकावू लागतो. गेल्या महिन्यात किती रुग्णांना या यंत्राची खरोखर गरज पडली असती, हे आकडे नोंदवहीतून काढल्याखेरीज सही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत सर्वांना रुचत नाही, याची कल्पना आहे.

उपाय शोधावयास दूर जावे लागत नाही. आपल्या आज्या-पणज्या आषाढी एकादशीला नेम धरीत. कोणी वांगे सोडी, कोणी कांदा-लसूण. कार्तिकी एकादशीपर्यंत चार महिने तो निष्ठेने पाळला जाई. गंमत अशी की, गणपती, दसरा, दिवाळीपूर्वीचा आपल्या प्रांतातील पुष्य नक्षत्राचा बाजार आणि धनत्रयोदशी, म्हणजे खरेदीचे सारे मोठे प्रसंग याच काळात येतात. मध्ये पितृपंधरवडा येतो, तेव्हा सराफ्यातही शांतता असते. न घेण्याची सवय आपल्या समाजाला अगदीच अपरिचित नाही.

गेली तीन वर्षे आमच्या घरी चातुर्मासात खरेदीचा नेम आहे. अन्न, औषध, पुस्तके, शिक्षण आणि मोडल्याची दुरुस्ती एवढे मोकळे. बाकी जे घ्यावेसे वाटेल ते एका वहीत तारीख, किंमत व कारणासह लिहावयाचे आणि कार्तिकी एकादशीनंतर वाचावयाचे. भ्रमणध्वनीवरून खरेदीची ॲप काढून टाकली. डोळे झाकणाऱ्या मुलांचीच युक्ती ती. पहिल्या वर्षी श्रावणातच नेम डळमळला होता, कारण भाच्याच्या मुंजीचा आहेर. आहेर मोकळ्या यादीत गेला. धनत्रयोदशीला काही तरी घ्यावे लागतेच म्हणून सौ.ने स्टीलची एक पळी घेतली. ती रोज वापरात आहे.

वहीत गतवर्षी एकतीस नोंदी झाल्या. एकादशीनंतर त्यांपैकी सहा वस्तू घेतल्या, त्याही भाव विचारून, दोन दुकाने फिरून. उरलेल्या पंचवीस नोंदींपैकी बहुतेकांवर मुलीने हसत हसत रेघ मारली. एकीपुढे माझ्याच अक्षरात 'ते छोटे यंत्र, अत्यावश्यक' एवढेच लिहिले आहे. ते कोणते, याचा शोध अद्याप लागलेला नाही.