सर जोसेफ भोर आणि भिवंडीचा रोगी

सरकारी चाकरींत आयुष्य घालविलेल्या माणसाचें चरित्र आपण सहसा वाचीत नाहीं. बढत्या, बदल्या व निवृत्तिवेतन एवढ्यांत तें संपतें, अशी आपली समजूत असते. सर जोसेफ विल्यम भोर यांचें चरित्र या समजुतीस अपवाद आहे; आणि त्यांच्या कार्याची कसोटी पाहावयाची तर ती भिवंडींत पाहावी, असें आम्हांस वाटतें.

भोर हे मूळचे नाशिकचे. जन्म १८७८ चा. पुण्यास डेक्कन कॉलेजांत व पुढें लंडनला शिकून ते सनदी नोकरींत शिरले. कोचीन संस्थानचें दिवाणपद, लंडनमधील हंगामी हाय कमिशनरचें काम, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत व्यापार व रेल्वे हीं खातीं, असा त्यांचा क्रम चढता होता. ते वैद्य नव्हते. तथापि १९४३ सालीं, पासष्टी उलटल्यावर, देशाच्या आरोग्याची पाहणी करणाऱ्या समितीचें अध्यक्षपद त्यांजकडे आलें, आणि आज त्यांचें नांव निघतें तें त्या एका कामामुळें.

समितीचा चार खंडांचा अहवाल १९४६ सालीं निघाला. १९३७ सालीं दर हजार जन्मांमागें १६२ अर्भकें वर्षाच्या आंत दगावलीं होतीं. सरासरी आयुर्मान २७ वर्षांचेंही नव्हतें. सुमारें ६,३०० माणसांमागें एक डॉक्टर, तर ४३,००० माणसांमागें एक परिचारिका! पैसा नाहीं म्हणून कोणी उपचारावांचून राहूं नये, हें समितीनें पहिलें तत्त्व मानिलें. रोग बरा करणें व रोग होऊं न देणें हीं दोन्ही कामें एकाच छपराखालीं आणावीं, हें दुसरें. त्यासाठीं आरंभीं दर ४०,००० वस्तीस एक प्राथमिक केंद्र, आणि पुढें दर दहा-वीस हजारांस ७५ खाटांचें रुग्णालय, अशी योजना होती. केंद्रें १९५२ पासून उघडूं लागलीं; रुग्णालयांचें तें माप मात्र कागदावरच राहिलें.

मुंबईहून भोरांच्या नाशकास जाणारा महामार्ग भिवंडी तालुक्यांतून जातो. वाटेंत पडघ्यास असें केंद्र आहे. तेथें बाळास लस टोंचून घेणाऱ्या आईस भोर कोण हें ठाऊक नसेल. परंतु आपल्या गांवाजवळ सरकारी दवाखाना असावाच, ही तिची अपेक्षा त्या अहवालानें रुजविली आहे.

भिवंडी शहरांत शिरतांच प्रश्न निराळा होतो. केंद्रांची घडी बसली ती खेड्यांसाठीं. यंत्रमागांनीं हें गांव एवढें वाढविलें कीं, २०११ च्या शिरगणतींत वस्ती ७,०९,६६५ भरली. परप्रांतांतून आलेला मागवाला सुताच्या तुसांत काम करतो आणि दाटीच्या खोलींत निजतो. क्षयासारख्या रोगास याहून सोयीची जागा कोणती? शहरांतील गरिबांसाठीं राष्ट्रीय अभियान आलें तें २०१३ सालीं, म्हणजे अहवालानंतर ६७ वर्षांनीं. त्याच्या मापानें दर ५०,००० वस्तीस एक, म्हणजे भिवंडीस किमान चौदा केंद्रें हवींत. शिवाय मागवाल्याची पाळी बारा तासांची. दवाखान्याची वेळ तिच्याशीं जुळली नाहीं, तर फुकट औषधासाठीं त्यास दिवसाची मजुरी मोजावी लागते.

आपल्या घरांतील मुलेंमुली आज स्पर्धा परीक्षांस बसतात. त्यांना पद व मान यांच्या गोष्टी आपण पुष्कळ सांगतों. त्यांच्या जोडीस हीही गोष्ट सांगावी: नाशिकच्या एका अधिकाऱ्यानें निवृत्तीच्या वयांत योजना लिहिली, आणि दवाखान्याचें दार रात्रपाळीच्या माणसास केव्हां उघडें मिळावें, हें ठरविण्याचें काम पुढील अधिकाऱ्यासाठीं अद्याप शिल्लक आहे.